जुन्या कौलांवर नवे घर: आधी मोजा, मग आराखडा काढा

गोव्यात जुने घर पाडायला काढले की सागवानी दारे पहिल्याच दिवशी विकली जातात आणि कौले टेंपोत फेकली जातात. फेकताना जी मोडतात तीच बहुतेक उपयोगाची असतात.

उतरवणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका, मिरगापर्यंत नेऊ नका. आधी आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौले काढा, मग दोन्ही पाख्यांवरून, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंवरून सारखेच खाली या. एकच पाखे रिकामे केले तर भार एकीकडे राहतो आणि जुने वासे सरकतात. पाय ठेवायचा तो रिपेवर, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या पट्टीवर, जिथे कौलावर कौल चढलेले असते तिथे. खाली हातोहात द्या आणि कडेवर उभी रचा. आडव्या थप्पीत तळची मोडतात.

दोन-तीन दिवस उन्हात वाळवली की शेवाळ काथ्याच्या ब्रशने सुटते. तारेचा ब्रश आणि ॲसिड नको. वरचा भाजका थर गेला की कौल पाणी पिऊ लागते. मग बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. प्रत्येक ढिगातली पाच-सहा कौले कोरडी तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा तोला. अडीच किलोचे कौल तीन किलोच्या वर गेले तर तो ढीग छपरासाठी नको.

खरी फसगत साच्यांची. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव असते, पण एकाच नावाच्या दोन साच्यांतही फरक निघतो. सपाट जमिनीवर चार कौले जुळवून पाहा. खाचा नीट बसल्या नाहीत तर ती एका पाख्यावर आणू नका. दोन प्रकार हाती असतील तर एकेका पाख्याला एकेक द्या, नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या बाजूला उत्तम ते.

रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. ११ कौले खाचेत खाच घालून ओळीने मांडा. पूर्ण ताणून पहिल्या कौलाच्या नाकापासून (रिपेत अडकणारा उंचवटा) अकराव्याच्या नाकापर्यंत मोजा, मग दाबून मोजा. दोन्हींची सरासरी भागिले १० म्हणजे तुमचे अंतर. बहुधा ३२ सेंमीच्या आसपास येते. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, पण क्षेत्रफळ पाख्याचे धरा, जमिनीचे नव्हे. ४० चौरस मीटर घरावर ३० अंशांचा उतार दिला तर पाखी ४६ चौरस मीटर भरतात, म्हणजे ६९० कौले. वर ७० जास्त ठेवा, कारण तोच साचा नंतर मिळेलच असे नाही. कौले कमी पडतात म्हणून उतार कमी करू नका. वाऱ्याचे पाणी सांध्यांतून उलटे आत चढते. त्यापेक्षा एक खोली लहान करा.

जुन्या वाशांची भिंतीत गाडलेली टोके कुजलेली असतात. ती कापल्यावर उरेल तेवढीच खोलीची रुंदी, म्हणून वासेही आराखड्याआधीच मोजा. खिळे सगळे उपटा, नाहीतर रंध्याचे पाते जाईल.

भिंतीतले मातीत बांधलेले चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, सहज सुटतात. सिमेंटमधले सोडवताना कडा जातात, त्यांचा नाद सोडा. उंचीप्रमाणे वेगळे करा आणि पांढरे मीठ फुटलेले बाजूला काढा. जोडायला चुना एक भाग, रेती तीन भाग. कडक सिमेंट वापरले तर ओल सांध्यातून निघत नाही, चिऱ्यातून निघते आणि त्याचा चेहरा झडतो.

कौले चढली की रबरी नळीने आढ्यावरून पाणी सोडा. एकाने आत उभे राहून ठिबकेल तिथे रिपेवर खडूने खूण करावी.