फुंकण्याच्या चाचणीचा अहवाल कसा वाचावा

फुप्फुसांच्या चाचणीचा अहवाल हाती पडला की बहुतेकांची नजर आधी टक्क्यांच्या रकान्यावर जाते, आणि तिथे ६३ दिसले की ‘फुप्फुसे ६३ टक्केच उरली’ असा अर्थ काढून घरातल्या सगळ्यांची झोप उडते. हा अर्थ चुकीचा आहे. त्याच वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी व्यक्तीकडून सरासरी जेवढ्या हवेची अपेक्षा असते, तिच्या ६३ टक्के हवा या व्यक्तीने फुंकली, एवढेच तो आकडा सांगतो. म्हणून टक्के सर्वांत शेवटी पाहावेत.

डॉक्टर ‘पीएफटी’ (फुप्फुसांच्या कार्याची चाचणी) लिहून देतात तेव्हा बहुधा त्यांना स्पायरोमेट्री हवी असते. श्वासाची हवा मोजण्याची ही पद्धत लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये मांडली. रक्ताच्या तपासणीत आपण नुसता हात पुढे करतो. इथे मात्र आपण किती नीट फुंकतो यावर सगळा निकाल अवलंबून असतो. नाकाला चिमटा लावतात, नळीभोवती ओठ घट्ट मिटायला सांगतात, छाती पूर्ण भरून श्वास घ्यायला लावतात आणि मग तंत्रज्ञ जवळजवळ ओरडतात, ‘फुंका, फुंका, अजून, अजून!’ त्या ओरडण्याने कुणी ओशाळू नये, कारण आता हवा संपली असे वाटल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांतही मोजण्याजोगी हवा बाहेर येत असते. डोळ्यांची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा क्षयरोगाचे उपचार चालू असतील, तर ते आधीच सांगावे. श्वासाचा पंप किती तास आधी थांबवायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधल्या काळात दम लागलाच तर पंप घ्यावा आणि घेतल्याची वेळ तंत्रज्ञांना सांगावी. उंची मात्र तिथेच, चपला काढून मोजून घ्यावी, कारण अंदाजाने सांगितलेली उंची दोन-तीन इंचांनी चुकली तरी अपेक्षित आकडे बदलतात. पाठ वाकलेली असेल तर दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजतात.

अहवालात प्रथम हवेचा वेग दाखवणारा आलेख पाहावा. चांगल्या फुंकीची रेषा झपकन वर चढते, तिला टोकदार शिखर असते आणि तिथून ती बऱ्यापैकी सरळ खाली उतरते. शिखर बोथट असेल तर सुरुवातीला जोर कमी पडला असण्याची शक्यता असते आणि मधेच खाच दिसली तर बहुधा खोकला आलेला असतो. निदान तीन फुंकी नीट व्हाव्या लागतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोहोंमध्ये १५० मिलिलिटरहून अधिक फरक नसावा. हे जमले नसेल तर पुढच्या आकड्यांवर फार विसंबू नये आणि चाचणी पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

त्यानंतर दोन आकडे शोधावेत. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा, आणि एफईव्ही-१ म्हणजे त्यांतली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. या दोहोंचे गुणोत्तर (एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी) हा अहवालाचा कणा आहे. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर हवा हळूहळू निघते आणि गुणोत्तर घटते. यालाच ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अडथळा, म्हणतात. अशा वेळी आलेखाची उतरती बाजू आत ओढल्यासारखी खोलगट दिसते.

समजा, अनेक वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या ५८ वर्षांच्या बाईंचा अहवाल असा आहे: एफव्हीसी २.१० लिटर, एफईव्ही-१ १.२० लिटर, आणि एफईव्ही-१ चा अपेक्षित आकडा १.९० लिटर. गुणोत्तर ०.५७ येते, ०.७० च्या खाली, म्हणजे अडथळा आहे. १.२० हे १.९० च्या ६३ टक्के आहेत. हे टक्के अडथळ्याची तीव्रता सांगतात. मग सालब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊन साधारण १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले आणि एफईव्ही-१ १.२८, एफव्हीसी २.१६ लिटर झाली. वाढ अवघी ८० मिलिलिटर. अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त, म्हणजे इथे १९० मिलिलिटरहून अधिक वाढ झाली असती, तर औषधाने नलिका लक्षणीय मोकळ्या झाल्या असे म्हटले असते आणि दम्याकडे बोट गेले असते. औषधानंतरही गुणोत्तर ०.५९, म्हणजे ०.७० च्या खालीच राहिले, म्हणून लक्षणे आणि धुराचा इतिहास जोडून डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद राहणाऱ्या जुनाट आजाराचा, विचार करतील. हा आजार फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा, या समजुतीमुळे अशा कितीतरी बायकांचा दम ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिला जातो, ही फार खेदाची गोष्ट आहे.

०.७० ही सरसकट रेषा वृद्धांना उगाच आजारी ठरवू शकते आणि तरुणांमधला आजार निसटू देऊ शकते, कारण वयाबरोबर गुणोत्तर आपोआप घटते. म्हणून नव्या अहवालांत झेड स्कोअर असतो, म्हणजे आपला आकडा त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या सरासरीपासून किती दूर आहे याचे माप. तो उणे १.६४ च्या खाली गेला तर आकडा निरोगी लोकांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांत येतो.

गुणोत्तर ठीक पण एफव्हीसी कमी असेल तर अहवालात ‘रिस्ट्रिक्शन’ची, म्हणजे फुप्फुसे पुरेशी फुगत नसल्याची, शंका छापलेली असते. तिला शंकाच मानावे. अपुऱ्या फुंकीनेही असे दिसते, आणि फुप्फुसांची एकूण क्षमता मोजणारी वेगळी चाचणी केल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. डीएलसीओ ही चाचणी वायू फुप्फुसांतून रक्तात किती सहज जातो हे दाखवते. रक्तक्षय असेल तरी तो आकडा घटतो, म्हणून हिमोग्लोबिनचा अहवाल सोबत न्यावा.

अहवाल नॉर्मल आला म्हणजे दमा नाही, असेही नव्हे. दम्याचा त्रास ये-जा करणारा असतो आणि चाचणीच्या दिवशी नलिका मोकळ्या असू शकतात. रात्री खोकला येत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावेच.

जुने अहवाल फेकू नयेत. तुलना शक्यतो त्याच यंत्रावरच्या अहवालांची आणि लिटरमध्ये करावी. निरोगी प्रौढाचीही एफईव्ही-१ दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने घटते, त्यामुळे तेवढ्या फरकाने घाबरू नये. वर्षभरात १५ टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर मात्र दोन्ही कागद घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.