सरपणासाठी चेनसॉ घेताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

राहायला आम्ही कळव्यात, पण मुरबाडकडे थोडी शेती आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी बांधावरची सुबाभूळ आणि एक म्हातारा शिरीष वाऱ्याने आडवे झाले. म्हटलं चला, बंबाचं आणि चुलीचं वर्षभराचं सरपण झालं. कुऱ्हाडीने दोन दिवसांत तळहाताला फोड आले म्हणून ऑनलाईन एक मशीन मागवली, ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), कारण काय तर सगळ्यात मोठी दिसत होती आणि सगळ्यात स्वस्त पण. तिसऱ्या दिवशी बंद पडली.

मोठा बार म्हणजे जास्त काम, हीच पहिली चूक. सरपणाचं लाकूड साधारण ८ ते १२ इंच जाडीचं असतं, त्याला १६ किंवा १८ इंची बार आणि ४५-५० सीसीचं इंजिन भरपूर झालं. खोड जाड निघालं तर दोन्ही बाजूंनी कापायचं. बार लांब घेतला की तेच इंजिन जास्त चेन ओढत बसतं, तेल जास्त पितं, आणि बारचं टोक लाकडाच्या पलीकडे कुठे जातंय ते आपल्याला दिसतच नाही. ते मातीत घुसतं नाहीतर मागच्या ओंडक्याला लागतं. टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर मशीन झटक्यात तोंडाकडे उसळते, हे एकदा झालं की माणूस आयुष्यभर विसरत नाही. आणि नुसत्या सीसीवर जाऊ नका, पॉवर किती किलोवॅट आहे ते विचारा, या साइजच्या बऱ्या मशीनला सव्वादोन-अडीच किलोवॅट म्हणजे तीनेक एचपी मिळते. नुसत्या फांद्याच छाटायच्या असतील तर ३० सीसीवाली घ्या, हात तरी दुखणार नाहीत.

दुसरी गोष्ट चेनची. जुनी चेन न नेता ठाण्यातल्या एका दुकानात गेलो आणि ऐटीत म्हटलं, १८ इंची द्या. (तोवर दुसरी मशीन घेतली होती, हो.) शेतावर जाऊन बसवतोय तर स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, बसेचना! दुकानदाराची काही चूक नाही, चेनला नुसते इंच नसतात, पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि त्या खालच्या कड्यांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकांची संख्या असे तीन आकडे लागतात. बहुतेक बारवर ते कोरलेले असतात, फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मशीन घ्यायच्या आधीच त्या मापाची चेन, बार आणि कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) जवळपास मिळतो का ते विचारून या. मिळत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी नको.

पेट्रोलचं म्हणाल तर जुनी चेतक स्कूटर चालवलेल्यांना सांगायला नको, टू-टी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल मिसळायचंच. ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली, मशीनच्या पुस्तकात असेल तेच. अंदाजे धार सोडायची नाही. नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पिस्टनवर चरे पडायला वेळ लागत नाही, माझी पहिली अशीच गेली. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते माहितीच आहे. टाकीत पेट्रोल ठेवून पावसाळा काढलात तर दसऱ्याला दोरी ओढून खांदा उतरेल पण मशीन चालू व्हायची नाही. म्हणून टाकी रिकामी करायची आणि उरलंसुरलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची.

आता "मशीन कापतच नाही" वाली तक्रार, दहातल्या आठ वेळा मशीन ठीक असते, चेन बोथट असते. खाली काय पडतंय बघा. जाडसर चुरा पडला तर धार आहे, पिठासारखी भुकटी पडली तर नाही. मग लोक जोर लावतात, धूर निघतो, बार निळा पडतो. गोल कानस घ्या, चेनच्या मापाचीच (०.३२५ पिचला ४.८ मिमी), ३० अंशात धरा, आतून बाहेर ढकला आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात मारा, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. चार-पाच वेळा धार लावली की दातापुढचा उंचवटा पण सपाट कानशीने किंचित उतरवायचा, हे कोणीच सांगत नाही. ओंडका जमिनीवर ठेवून कापू नका, मातीला एकदा टेकली की धार गेलीच. खाली दोन लाकडं घाला, आणि काप मिटायला लागला की पाचर ठोका, म्हणजे बार अडकणार नाही.

चेनला गाडीचं जळकं ऑइल घालणारे खूप आहेत, मी पण घातलंय. त्यातला लोखंडी कीस बारची खाच आणि पंप दोन्ही खातो. तेल येतंय का बघायला टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारचं छोटं भोक भुशाने बुजलेलं असतं, तारेने साफ करा.

चोक देऊन दहा वेळा ओढली आणि पेट्रोलचा वास आला तर फ्लड झालीये, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, प्लग काढून पुसा, चोक न देता पाच-सहा वेळा दोरी ओढा, मग प्लग लावा. गॉगल आणि बूट घालाच, लुंगीवर नको.

परवा घणसोलीचा मावसभाऊ मशीन मागायला आला, सोसायटीतला गुलमोहर पार्किंगवर येतोय म्हणून कापायचा होता. त्याला म्हटलं अरे बाबा, शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, झाड सोसायटीचं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो आता अर्ज करून बसलाय आणि मशीन माझ्याकडेच आहे.