'व्हॉल्व्ह'ची 'वॉल' झाली तेव्हा

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कामाला आहे. परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर मी व्हॉल्व्हच्या कास्टिंगबद्दल बोलत होतो, तो 'वॉल' ऐकून भिंतीची जाडी समजला आणि मापं सांगत बसला. दहा मिनिटं दोघं दोन गावांत!

घोळ आपल्या 'व'चा. तो इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू या दोन आवाजांच्या अधेमधे पडतो. शेवटी आरशासमोर बसलो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि आवाज सोडत राहायचा, ओठ भुंग्यासारखा गुणगुणतो. डब्ल्यूला दात लांबच. ओठांचा 'उ'सारखा चंबू. आणि आपण 'व्ह' लिहितो म्हणून त्यात 'ह' फुंकायचा नाही. माझी निम्मी चूक तीच होती.

दुसरा घोळ 'पिन'चा. आपला 'प' कोरडा, त्यात हवेचा झोत नाही, त्यामुळे इंग्रजी कानाला 'बिन' वाटू शकतं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली: 'पिन'ला ती हलली पाहिजे, 'स्पिन'ला जवळजवळ नाही. रंकाळ्यावर फिरताना हेच पुटपुटायचो. मित्र म्हणाला, "भावा, शिव्या कुणाला घालतोयस?"

परवा त्याच गिऱ्हाइकाला 'व्हॉल्व्ह' पहिल्या दमात कळला. 'थिकनेस'मधला 'थ' मात्र अजून अडतो. जीभ दातांमध्ये यायला लाजते.