होळी ते वटपौर्णिमा : पानगळीचं खत क्लबनं कसं करावं

दरवर्षी फाल्गुन लागला की मला फोन सुरू होतात, की काकू तुमच्या कॉलनीत पाल्याचं खत होतं ते आमच्याकडे का होत नाही, आम्ही पण खड्डा केला, शेण टाकलं, दुकानातून कल्चरची, म्हणजे पाला कुजवणाऱ्या जिवाणूंची, बाटली आणून ओतली, गूळ-ताक शिंपडलं, तरी जूनमध्ये उघडलं तर पानं जशीच्या तशी. मी आमच्या गार्डन क्लबात नऊ वर्षं हे काम करतेय आणि माझं उत्तर प्रत्येक वेळी एकच असतं, ढीग आतून कोरडा राहिला. बाटली, गूळ, ताक, पावडर यातलं काही नसलं तरी चालतं. पाणी पानाच्या आत शिरलेलं नसेल तर मात्र काहीच होत नाही. म्हणून यंदा सगळं एकदाच नीट लिहून टाकतेय.

आणि हे काम इंदुरात तरी चुकायला नको हो. जगभरात ज्याला खताची इंदूर पद्धत म्हणतात ती इथलीच. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे तेव्हा इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती, १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती पद्धत तिथे बसवली, आणि १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं त्यावर त्यांच्या जोडीनं नाव आहे यशवंत वाडांचं. आपल्याच गावात, आपल्याच काळ्या मातीत, इथल्याच उन्हाळ्यात पारखलेली गोष्ट आहे ही. त्यांचे खड्डे तीस फूट लांबीचे होते, शेताला पुरतील असे. आपल्याला तेवढं नको, पण प्रमाण आणि पलट्या, म्हणजे ढीग उलटून पुन्हा रचणं, त्यांच्याच ठेवायच्या.

तारखा लक्षात ठेवायला सोपं आहे. होळीनंतर ढीग रचायचा, पाडव्याला पहिली पलटी, हनुमान जयंतीला दुसरी, वैशाख पौर्णिमेला तिसरी, वटपौर्णिमेला खत तयार. वटपौर्णिमा म्हणजे आपली, ज्येष्ठ पौर्णिमेची, शेजारच्या हिंदी मंडळींची वटसावित्री अमावास्येला असते तेव्हा उघडलंत तर पंधरा दिवस लवकर होईल. मध्ये अधिक मास आला तर सण सोडा आणि सरळ दिवस मोजा, पंधरा, तीस, साठ, नव्वद.

पाला वसंत पंचमीपासून गोळा करायला लागा, दर रविवारी सकाळी तास-दीड तास, सगळ्यांनी आपापलं पोतं आणायचं. कडुनिंब, पिंपळ, शिरीष, देशी बदाम सगळं चालतं, आंब्याची पानं चिवट असतात म्हणून थोडीच घ्या, निलगिरी नकोच. पोत्यात भरताना संक्रांतीचा मांजा बघा, फांद्यांना अडकलेला पानांबरोबर खाली येतो आणि पुढे पलटी करताना बोट कापतो, एका वहिनींचं कापलंय. धुळवडीनंतर रंगपंचमी होईपर्यंत रस्त्यावरचा पाला उचलू नका, आपल्याकडे गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी जो रंग उडतो तो कशाकशाचा असतो कोण जाणे, तो भाजीच्या मातीत नको. आणि पाला जाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मी त्यांच्या दारातला पाला त्यांच्या आधी उचलते.

शेण गवळ्याकडून, ताजं, तीन भाग पाल्याला एक भाग. गोठ्यात जनावरं उभी राहतात तिथली मूत मुरलेली माती एक-दोन तगाऱ्या (घमेली) मागून आणा, गवळी हसतो पण देतो, तिची किंमत शेणापेक्षा जास्त आहे. राख होळीची. फक्त लाकूड-गोवऱ्यांची होळी असेल तरच, त्यात प्लास्टिक-टायर टाकलेले असतील तर हात लावू नका. ही राख वरून गार दिसते, आत दोन-दोन दिवस निखारा असतो. आमच्याकडे एकदा धुळवडीच्या संध्याकाळी राख पोत्यात भरून सुक्या पाल्याशेजारी ठेवली आणि रात्री पोतं धुमसायला लागलं, चौकीदारानं बघितलं म्हणून निभावलं. तेव्हा राखेवर पाणी मारा, पसरा, हात घालून बघा, मग भरा. आणि टाकायची ती चिमटीनं, रांगोळी घालतो तशी, जास्त नाही, आपली माती आधीच अल्कधर्मी बाजूची आहे.

जागा झाडाखाली, सावलीत. विटा एकावर एक, मध्ये फटी सोडून, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. याहून लहान केलात तर ऊब धरत नाही.

आता ती गोष्ट जिच्यापायी आमची पहिली दोन वर्षं वाया गेली.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं रचून झाल्यावर वरून पाइप सोडला. चांगला अर्धा तास. खालच्या विटांमधून चहासारखं पाणी वाहायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं की झालं, भिजलं, आता बघत राहायचं. पंधरा दिवसांनी फावडं घातलं तर वरचा वीतभर थर काळा आणि ओला, आणि त्याच्या खाली पिंपळाची पानं कोरडी खणखणीत, हातात घेतली की पापडासारखी मोडत होती. कारण सुकं पान म्हणजे कौल आहे. पिंपळाला, बदामाला वरून मेणासारखा थर असतो, एकावर एक पानं पडली की कौलारू छप्पर तयार होतं, पाणी एका पानावरून दुसऱ्यावर घसरत खाली निघून जातं, पानात शिरतच नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही रोज पाणी मारलं. तेही तसंच गेलं, उलट खाली शेण सडून वास यायला लागला आणि दोन घरांनी तक्रार केली. आमच्याकडे नळ एक दिवसाआड, त्यात रोजचं इतकं पाणी ओतणं म्हणजे पापच होतं, ते मला अजून लागतं.

म्हणून पान आधी भिजवायचं, ढीग नंतर. यात मी कोणाचं ऐकत नाही. रचायच्या आदल्या दिवशी पोत्यातला पाला पोत्यातच पायांनी तुडवा, चुरा होऊ द्या, मेणाचा थर फुटला की पाणी आत जायला वाट मिळते. मग हौदात किंवा दोनशे लिटरच्या ड्रमात घाला, वर दगड ठेवा, नाहीतर पाला तरंगतो आणि वरचा अर्धा कोरडाच राहतो, रात्रभर राहू द्या. पाणी बोअरचं घ्या, डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं असेल तर आणखी उत्तम, एक ड्रम पाला काढला की तेच पाणी पुढच्या ड्रमाला वापरायचं, ते तपकिरी होत जातं, होऊ द्या, फेकू नका. सकाळी एक पान काढून मधोमध घडी घाला. कट्ट करून मोडलं तर अजून भिजायचंय. रुमालासारखं दुमडलं आणि घडीवर ओली रेघ उमटली की झालं. एका पानावर जाऊ नका, ड्रमाच्या मधून, खालून, वरून अशी पाच-सहा काढून बघा.

आता रचा. खाली वाळक्या काड्या, तुरीच्या काटक्या असं काहीतरी जाडंभरडं, हवा खेळायला. मग सहा इंच पाला, त्यावर दोन इंच शेण, गोठ्याची माती पाण्यात कालवून त्याचा शिडकावा, राखेची चिमूट, बागेतली मूठ-दोन मूठ माती. पुन्हा पाला. प्रत्येक थराला शेणाचं पातळ पाणी हातानं शिंपडायचं, अगदी अंगणात सडा घालतो तसं, आणि पुढचा थर घालायच्या आधी मुठीचा कस बघायचा. मुठीत घेऊन जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब निघावेत. धार लागली तर जास्त झालंय, सुका पाला मिसळा. काहीच आलं नाही, मूठ उघडल्यावर गोळा विस्कटला, तर कमी आहे. हे प्रत्येक थराला, एका थरालाही कंटाळा करायचा नाही, कारण मधला एक थर कोरडा गेला की वरचं खालचं एकमेकांशी जोडलं जात नाही. आणि तुडवू नका, बरेच जण वर चढून दाबतात म्हणजे जास्त मावेल, त्यानं हवा जाते आणि मग वास. रचताना मध्ये एक बांबू उभा ठेवा, शेवटी हलवून काढून घ्या, तो श्वासाचा मार्ग. वरून ओली बारदानं.

तिसऱ्या दिवशी सळई. घरात बांधकामाची उरलेली लोखंडी सळई असते ती ढिगाच्या पोटापर्यंत खुपसा, पाच मिनिटं थांबा, बाहेर काढून तळव्यात धरा. धरवली नाही की पद्धत लागू पडली. चांगल्या ढिगात साठ-पासष्ट अंशांपर्यंत उष्णता जाते, गाजर गवताचं बी त्यातच मरतं, म्हणून मी थंड ढिगाचं खत कोणाला देत नाही, दिलं तर त्याच्या कुंडीत गाजर गवत पेरल्यासारखं होतं. सळई नुसती कोमट लागली तर पाणी ओतायला धावू नका, आधी हात घालून मूठ बघा. कोरडं असेल तर पाणी, ओलं असूनही थंड असेल तर शेण कमी पडलंय.

पहिली पलटी ही दुसरी अवघड जागा, आणि याबद्दल कोणी सांगतच नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला सकाळी करा, कारण पाडव्याला गुढीच्या गडबडीत कोणी शेणात हात घालणार नाही. सहा-आठ माणसं हवीत, हे एकट्या-दुकट्याचं काम नाही, क्लब त्यासाठीच आहे, आमच्याकडे पलटीनंतर पोहे-जिलबी असते आणि त्या दिवशी हजेरी पूर्ण असते. ढीग उघडला की मधोमध तुम्हाला राखाडी-पांढरट, धुळीसारखा भाग दिसेल, फुंकर मारली तर उडेल असा. नवीन माणसं बघून खूश होतात की वा, खत झालं. नाही झालं. ती ढिगाची स्वतःचीच ऊब, तिनं आतलं पाणी पिऊन टाकलंय आणि बुरशी कोरड्यात अडकलीय. मार्चअखेरीची आपली हवा किती कोरडी असते ते ओठांना कळतंच, बाहेरून हवा ओढते, आतून ऊब ओढते. असं सोडून दिलंत तर एप्रिलमध्ये ढीग मेला म्हणून समजा.

तर ते राखाडी वेगळं काढा, ताडपत्रीवर पसरा, शेणाच्या पाण्याचा सडा घाला, उलथापालथ करा, पुन्हा सडा, मुठीचा कस लागेपर्यंत. बाहेरच्या कडांचं जे हिरवट-कोरडं राहिलंय ते नव्या ढिगात मधोमध जायला पाहिजे आणि मधलं बाहेरच्या बाजूला. नुसतं फावड्यानं जागच्या जागी हलवणं म्हणजे पलटी नव्हे, पूर्ण रिकामं करून पुन्हा रचायचं. मागच्या वर्षी एका शेजारच्या क्लबाला मी हे तीनदा सांगितलं, त्यांनी वरवर ढवळलं, आणि एप्रिलमध्ये त्यांना अर्धा ढीग परत भिजवायला लागला. पलटल्यानंतर तीन दिवसांनी पुन्हा सळई, पुन्हा चटका बसला पाहिजे.

दुसरी आणि तिसरी पलटी तशीच, फक्त मे महिन्यात बारदानं दिवसाआड ओली ठेवा. तिसरीनंतर ढीग गार होत जातो, ते बरोबर आहे, तेव्हा घाबरून शेण घालू नका. ढीग तीन फुटांचा दीड फुटावर येतो, यालाही घाबरू नका.

वटपौर्णिमेच्या आसपास, मान्सून यायच्या आधी, चाळा. बांधकामाच्या वाळूची चाळणी पुरते. वर राहिलेले देठ आणि काटक्या पुढच्या होळीच्या ढिगाच्या तळाला. खालचं काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं, हातात धरून बघाच एकदा. त्याच रविवारी आम्ही रोपांची अदलाबदल ठेवतो, जो मोगऱ्याची किंवा गुलाबाची फांदी लावून आणतो त्याला दोन तगाऱ्या खत, आणि जे पलट्यांना आले त्यांना आधी. कुंडीला मातीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घालू नका. एक पोतं मात्र कोणालाही देऊ नका, सावलीत, तोंड बांधून, किंचित ओलं ठेवा, पुढच्या फाल्गुनात नवा ढीग रचताना प्रत्येक थरावर त्यातलीच मूठभर टाकायची. दुकानातली बाटली जे करते असं सांगतात ते हेच पोतं करतं.