जुन्या बाराबोरची नळी मोजताय? या चुका टाळा

खानदेशात केळी-मक्याच्या पट्ट्यात रानडुकरांपायी लायसनवर घेतलेली आजोबांच्या काळातली बाराबोर बंदूक अजून बऱ्याच घरात आहे, आणि ती विकायची किंवा पोराच्या नावावर करायची वेळ आली की कोणीतरी व्हर्नियर आणतो अन् नळीच्या तोंडात घालतो. भाऊ, गडबड तिथंच होते. व्हर्नियरचे आतले जबडे जातात जेमतेम दीड सेंटीमीटर आणि तोंडाशी असतो चोक, म्हणजे नळी मुद्दाम अरुंद केलेली. बाराबोरचं नॉमिनल माप ०.७२९ इंच म्हणजे १८.५ मिमी, फुल चोकला तोंडाशी १७.५ च्या आसपास येतं, मग लोक म्हणतात बघा झिजलीच नाही!

ब्रिटिश प्रूफमध्ये, म्हणजे नळीच्या अधिकृत दाब-चाचणीत, बोअर (नळीचा आतला व्यास) मोजतात ब्रीचपासून, म्हणजे काडतूस घालायच्या टोकापासून, ९ इंच आत. तिथवर टेलिस्कोपिक गेजचा दांडा पोचत नाही, लांब दांड्याचा डायल बोअर गेजच लागतो, आणि तो मास्टर रिंगवर (ठराविक अचूक मापाच्या कडीवर) झिरो केल्याशिवाय वापरू नका. १९५४ च्या आधीच्या इंग्लिश नळीवर नुसतं १२ कोरलेलं असेल आणि आत ०.७४० इंच भरत असेल तर नळी आतून घासून मोठी केलीय, तिचं प्रूफ गेलं समजा.

सगळ्यात मोठी चूक मात्र भिंतीच्या जाडीची. बाहेरचा व्यास वजा आतला भागिले दोन, असं कागदावर करतात. जुन्या नळीचं आतलं भोक बाहेरच्या गोलाशी मध्यात असेलच असं नाही, एका बाजूला १ मिमी अन् समोरच्या बाजूला अर्धा, सरासरी मस्त येते आणि नळी फाटते पातळ बाजूनं. साधारण २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.५ मिमीच्या खाली जाणकार लोक हात जोडतात. यासाठी वॉल थिकनेस गेज घ्या, एक दांडा आत, डायल बाहेर, नळी गोल फिरवत सगळ्यात कमी रीडिंग शोधायचं, गंजाच्या खड्ड्यांजवळ तर जास्तच. ऑनलाईन मिळणारा साधा अल्ट्रासॉनिक मीटर नको, त्याची सुरुवातच बऱ्याचदा १ मिमीच्या वर होते.

उन्हाळ्यामुळे माप चुकतं म्हणणारेही आहेत, पण २० डिग्रीच्या फरकानं १८.५ मिमीत जेमतेम ४ मायक्रॉन, सोडा तो विषय.

चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाची, लांबी विसरू नका. अडीच इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंची काडतूस आरामात बसतं कारण लांबी उघडलेल्या केसची (काडतुसाच्या नळकांड्याची) सांगतात, उडाल्यावर तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि प्रेशर वाढतं. चेंबर गेज स्वस्त असतो, घ्या.

आणि नुसती नळी आहे म्हणून एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे ठेवून येऊ नका, आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये सुटे भागही शस्त्रातच धरतात. गेज लायसनवाल्या दुकानात घेऊन जा, बंदूक तिथंच मोजा.