जपानला देवळं बघायला येताय? मग या चुका टाळा

क्योतोजवळ राहतो, त्यामुळे भारतातून कोणीही आलं की गाइडगिरी आपोआप माझ्या गळ्यात पडते, आणि दर वेळी त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. आपल्याकडे देऊळ संध्याकाळी आरतीला गजबजतं, म्हणून डोक्यात पक्कं बसलंय की दिवसभर शॉपिंग करू आणि मग निवांत दर्शनाला जाऊ. इथे बहुतेक मोठी देवळं साडेचार-पाचलाच बंद होतात. ओळखीतलं ठाण्याचं एक कुटुंब रील बघून केलेला प्लॅन घेऊन आलं होतं, एका दिवसात क्योतोतली फुशिमी इनारी, अराशियामा, किनकाकुजी (सोन्याचं देऊळ) आणि कियोमिझु. अहो नकाशा तरी बघा, पहिलं दक्षिणेला, दुसरं पश्चिमेच्या टोकाला, तिसरं वायव्येला आणि चौथं पूर्वेच्या डोंगरात! मी म्हटलं काका, दोनच करा. तर म्हणे, "अरे आम्ही अष्टविनायक दोन दिवसांत उरकतो, हे तर एकाच गावातलं." मग हॉटेलचा फुकट ब्रेकफास्ट वसूल करून दहाला निघालो, फुशिमी इनारीत तोरींच्या, म्हणजे लाल खांबांच्या दारांच्या, रांगेत मुंगीला शिरायला जागा नाही, अराशियामात प्रत्येक बांबूसोबत फोटो, पुढे खच्चून भरलेल्या दोन बस सोडाव्या लागल्या, आणि किनकाकुजीच्या गेटवर पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले. काका लागले, "फक्त पाच मिनिटं, एकच फोटो, इंडियासे आया." गेटवरचा माणूस कमरेत वाकला, माफी मागितली आणि आत निघून गेला. एवढ्या लांबून आलोय वगैरे इथे चालत नाही, वशिला तर नाहीच नाही. मी समजूत काढत म्हटलं की मूळचं सोन्याचं देऊळ १९५० मध्ये जळलं, आत आहे ते १९५५ साली परत बांधलेलं, पण काकू काही त्याने शांत झाल्या नाहीत.

माझी पद्धत साधी आहे, एक सकाळी, एक दुपारी, बस. कियोमिझु सकाळी ६ ला उघडतं, तेव्हा जा. फुशिमी इनारी रात्रंदिवस उघडं आणि तिकीटही नाही, ते संध्याकाळसाठी ठेवा. ज्यांना यादीवर टिक मारायच्या आहेत त्यांनी घरी बसून यूट्यूब बघावं, स्वस्त पडेल.

दुसरं, टाळ्या. तोरी, म्हणजे ते लाल खांबांचं दार दिसलं की बहुतेक वेळा ते शिंतो (जपानचा स्वतःचा धर्म) देवस्थान, तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून मागायचं ते मागा आणि परत एकदा वाका. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, गुपचूप हात जोडायचे. तोक्योच्या सेन्सोजी या बौद्ध देवळात आपली मंडळी जोरजोरात टाळ्या पिटत असतात, अरे बाबांनो, शेजारीच असाकुसा जिंजा, म्हणजे शिंतो देवस्थान आहे, टाळ्या तिथे!

दाराजवळच्या हौदातलं पाणी तीर्थ नाही. आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या हातात पाणी घेऊन चूळ, ती हौदाच्या बाहेर टाका. ओगराळ्याला तोंड लावू नका. आणि पाय धुऊ नका प्लीज.

चपला काढायचं आपल्याला कोणी शिकवायला नको, असं सगळ्यांनाच वाटतं. पण लोक खालच्या फरशीवर बूट काढून त्याच मोज्यांनी वर चढतात. बूट काढला की पाय थेट वरच्या पायरीवर, मध्ये कुठेही टेकवायचा नाही. तातामीवर (गवती चटईच्या जमिनीवर) स्लीपरही नाही, आणि टॉयलेटची स्लीपर टॉयलेटमध्येच ठेवून यायची. लेसवाले बूट घालून येणाऱ्यांनी दर देवळात पाच मिनिटं आम्हाला थांबवायची तयारी ठेवावी. हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी लागते, जाड मोजे घाला, न फाटलेले. चपला चोरीला जातील म्हणून दाराशी एक माणूस पहाऱ्याला बसवायची गरज नाही, हे आमच्या पाहुण्यांना अजून पटलेलं नाही.

क्योतोतल्या सान्जूसान्गेन्दो या देवळात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १००१ मूर्ती आहेत, फोटोला बंदी. फोन खिशात गेला तर पुढच्या रांगेतले आपले इंद्र आणि गरुडही दिसतील.

गोशुइनसाठी, म्हणजे देवळाचा शिक्का आणि हाताने लिहिलेलं नाव, त्याची खास वही घ्या, डायरी किंवा पासपोर्ट पुढे करू नका. सुटे येन जवळ ठेवा.

शाकाहारी लोकांनो, "मीट नाही ना?" एवढं विचारून भागत नाही, उदोन नूडल्सच्या साध्या रश्शातही बहुधा माशाचा दाशी, म्हणजे अर्क असतो. बिनघोर जेवायचं तर कोयासान या देवळांच्या डोंगरावर देवळातच मुक्काम करा, तिथल्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे बौद्ध मठातल्या शाकाहारी जेवणात, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, चातुर्मास पाळणाऱ्या आजींनाही चालेल. फक्त रात्री नऊला जेवायची सवय असेल तर कठीण आहे, ताटं सहाच्या आसपास लागतात. ओसाकातल्या नांबाहून ट्रेन, मग केबल कार, मग बस, असं दोन तास तरी धरा आणि दुपारीच निघा, उशीर झाला तर कोणी जेवण गरम करून वाढणार नाही.