फोन हॅकिंग कसं बदललं आणि आज आपला नंबर कसा सांभाळायचा

आधी एक काम करा, मग पुढे वाचा. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग (आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायची सोय) उघडा आणि 'ऑलवेज फॉरवर्ड' चालू आहे का बघा. तिथे ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर लगेच बंद करा. (फोन बंद असतानाच्या फॉरवर्डला कंपनीचा व्हॉइसमेल नंबर असू शकतो, त्याला घाबरू नका.)

हे का, तर आपले कॉल आणि कोड स्वतःकडे वळवून चोर पैसे काढतात. फोनला फसवणं मात्र जुनंच आहे. पूर्वी अमेरिकेत बोलणं आणि लाइनला दिलेले हुकूम एकाच तारेवरून जायचे, ट्रंक लाइन (लांबच्या कॉलची तार) मोकळी आहे हे २६०० हर्ट्झच्या सुराने कळायचं. १९५७ च्या सुमारास जो एंग्रेसिया नावाच्या सात वर्षांच्या अंध मुलाने नुसत्या शिट्टीने कॉल तोडून दाखवला! मला त्या पोराचं आजही भारी कौतुक वाटतं. पुढे वॉझ्नियाक आणि जॉब्झ यांनी ॲपलच्या आधी ब्लू बॉक्स, म्हणजे असे सूर काढणारे डबे, बनवून विकले, त्याने फुकट ट्रंक कॉल लागायचे.

मग कंपन्यांनी हुकूम वेगळ्या चॅनलवर नेले, फोन कंपन्यांनी एकमेकींशी बोलायची एसएस७ ही पद्धत आली, शिट्टी निकामी झाली. पण एसएस७ मध्ये एक कंपनी दुसरीवर डोळे झाकून विश्वास ठेवते, त्यामुळे आत शिरलेला माणूस तुमचा एसएमएस दुसरीकडे वळवू शकतो, २०१७ मध्ये जर्मनीत असेच बँकेचे कोड पळवून लोकांचे पैसे काढले गेले.

आता तर एवढंही लागत नाही. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, 'स्टार २१ किंवा स्टार ४०१ लावून हा नंबर टाका' म्हणतो, आणि आपणच आपले कॉल त्याच्याकडे वळवतो. कुणी सांगितलेला स्टारचा कोड अजिबात लावू नका, घरातल्या आजी-आजोबांना तर हे आजच समजावून सांगा.

ईमेल आणि सोशल मीडियाला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच लॉगिनचा कोड बनवणारं ॲप) लावा. सिम लॉक (सिमला पिन) पण चालू करा, फक्त आधीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या कारण तीनदा चुकला की सिम अडकतं. याने फोन चोरीला गेला तरी त्यातलं सिम दुसऱ्याला वापरता येत नाही, तुमच्या नावाने कुणी तुमच्याच नंबरचं नवीन सिम काढलं तर मात्र याचा उपयोग नाही.

त्याची खूण म्हणजे आजूबाजूच्यांना रेंज आहे आणि तुमचंच नेटवर्क अचानक गेलं. थांबू नका, दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. नंतर संचार साथी या सरकारी वेबसाइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते तपासा आणि जो आपला नाही तो तिथेच कळवा.